ताटातला घोडा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मुलगी एमबीबीएससाठी अल्माटीला चालली आहे. मटण, चिकन खाते. घोड्याचं मांस मात्र आमच्यात चालणार नाही. तिथे ते कशाकशात असतं? (लातूर)

कझाकस्तानात घोड्याचं मांस मेजवानीचं असतं. ते कोणी लपवून वाढत नाही, त्यामुळे विचारलं की खरं उत्तर मिळतं. दोन शब्द पुरतात : कझाक भाषेत ‘झिल्की’ म्हणजे घोडा आणि रशियनमध्ये ‘कोनिना’ म्हणजे घोड्याचं मांस. दुकानातल्या सॉसेजच्या वेष्टनावर रशियन लिपीत ‘कोनिना’ छापलेलं असतं. तो शब्द त्या लिपीत कसा दिसतो याचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये ठेवून द्या.

पदार्थांत पहिला ‘कझी’. बरगडीवरचं मांस चरबीसकट लांब कापतात, मीठ, मिरी, लसूण चोळून घोड्याच्याच आतड्यात भरतात आणि मंद आचेवर दोनेक तास उकडून चकत्या करतात. मांसाचे बारीक तुकडे भरले की ‘शुझुक’.

मुलं फसतात ती ‘बेशबारमाक’मध्ये. लाटलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे रश्शात उकडून वर मांस रचतात. मांस मेंढीचं आहे असं सांगितलं जातं आणि ते खरंही असतं, पण बऱ्याचदा त्याच भांड्यात कझीही उकडलेली असते. चकत्या बाजूला सारून काही साधत नाही. पिठाचे चौकोन त्याच रश्शातले, वरचा कांदा त्यातच वाफवलेला आणि शेवटी वाडग्यातून येणारं ‘सोरपा’ म्हणजे तोच रस्सा. म्हणून ‘हे कशाचं मांस?’ एवढ्यावर थांबू नका, ‘भांड्यात झिल्की आहे का?’ असं विचारायला शिकवा. पुलावावरही कधी कधी कझीच्या चकत्या लावतात.

‘किमिझ’ म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. चवीला आंबट, थोडं मद्यार्क असलेलं. ताक समजून पिऊ नये, हे शाकाहारी मुलांनाही सांगा.

कोणाच्या घरी बोलावणं आलं तर आमंत्रण घेतानाच ‘आमच्या धर्मात चालत नाही’ असं सांगावं. मुसलमान समाजात हे कारण लगेच कळतं. ताट समोर आल्यावर नाही म्हटलं की यजमानाचं मन दुखावतं, कारण पाहुण्यासाठी चांगला भाग राखून ठेवलेला असतो.

२०१३ साली बीफमध्ये घोडा सापडला तेव्हापासून विकतच्या खिम्याची धास्ती वाटते. चवीवरून ओळखता येतं का? (लेस्टर, इंग्लंड)

अख्खा तुकडा असेल तर थोडाफार अंदाज येतो. घोड्याच्या स्नायूत ग्लायकोजन (शरीरातला साखरेचा साठा) जास्त, म्हणून मांसाला गोडसर चव असते. रंग गडद तांबडा, चरबी पिवळसर आणि बोटाला लगेच तेलकट लागणारी. खिम्यात कांदा, मसाला, मीठ पडलं की यातलं काही उरत नाही. तिथे डीएनए चाचणीच लागते. शिजवलेल्या पदार्थावरही ती चालते.

आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत २७ बीफ बर्गरांपैकी १० मध्ये घोड्याचा आणि २३ मध्ये डुकराचा डीएनए मिळाला होता. त्यानंतर ब्रिटनमध्ये १ टक्का ही कारवाईची रेषा धरली गेली. त्याखालचं प्रमाण यंत्रांच्या अपुऱ्या सफाईतूनही येऊ शकतं.

बीफ न खाणाऱ्या मराठी घरांना मात्र दुसरी नोंद जास्त जवळची आहे. २०१४ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने टेकअवेमधल्या (घरी न्यायचं तयार जेवण विकणाऱ्या दुकानांतल्या) ‘लॅम्ब’च्या पदार्थांचे १४५ नमुने तपासले. ४३ मध्ये दुसरं मांस होतं, त्यातल्या २५ मध्ये फक्त बीफ. घोडा एकातही नव्हता. तुमची काळजी घोड्यावरून काढून त्या डब्यातल्या करीकडे वळवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खिम्यासाठी उपाय साधा आहे. खांद्याचा अख्खा तुकडा घ्या आणि समोर खिमा करून मागा. आधीच्या गिऱ्हाइकाचं मांस यंत्रात अडकलेलं असतं, म्हणून पहिली मूठभर बाजूला काढायला सांगा. घरी करायचा तर दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. मांस गरम असेल तर चरबी पातीला माखते आणि खिम्याचा लगदा होतो. पाकिटावरचा लंबगोल शिक्का शेवटचा कारखाना सांगतो, प्राणी नाही.

२०१३ साली सापडलेल्या घोड्याच्या मांसात औषध होतं म्हणे. अपाय होतो का?

औषधाचं नाव फिनाइलब्युटाझोन, लंगड्या घोड्यांचं वेदनाशामक. माणसात क्वचित, पण अस्थिमज्जा बंद पाडण्याइतका गंभीर परिणाम होतो आणि सुरक्षित मात्रा ठरवता आलेली नाही. म्हणून एकदा दिलं की त्या घोड्याच्या ओळखपत्रावर (‘पासपोर्ट’वर) ‘खाण्यासाठी नाही’ अशी नोंद कायमची होते. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये तपासलेल्या २०६ घोड्यांपैकी ८ मध्ये ते सापडलं, जास्तीत जास्त किलोला १.९ मिलिग्रॅम. माणसाला पूर्वी दिवसाला शेकडो मिलिग्रॅम देत असत, त्या मानाने हे फारच कमी.

पणजोबा पहिल्या महायुद्धात कुतच्या (आजच्या इराकमधल्या) वेढ्यात होते. घोडा खाल्ला नाही म्हणून हिरड्यांतून रक्त यायचं, असं घरात सांगतात. खरं का? (सातारा)

खरं आहे. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन कुतमध्ये अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. रसद संपत आली तशी घोडे आणि खेचरं कापली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं, बहुतेक हिंदी सैनिकांनी नाकारलं. घोडा खाल्लेल्याला गावात मुलगी कोण देणार, ही भीती तेव्हाच्या नोंदींत येते. ती खोटी नव्हती, कारण शिपायाला परत त्याच गावात जायचं होतं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती बिनतारी संदेशाने मागवली, तरी मोठ्या संख्येने खाणं सुरू झालं ते एप्रिलमध्ये.

दोन्हीकडचे आजार वेगळे होते. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाला. जवाचं पीठ मिळू लागल्यावर तो हटला. हिंदी शिपाई कोंड्यासकट आटा खात होते, म्हणून त्यातून बचावले, पण त्यांना स्कर्व्ही झाला, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्यांतून रक्त येणारा आजार. ताज्या मांसात क जीवनसत्त्व थोडंच असतं, पण स्कर्व्ही टाळायला दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम पुरतं. नुसत्या आट्यात आणि डाळीत ते जवळपास नसतंच. शिपाई रानातला पाला खुडून शिजवत होते, त्यातला काही विषारी निघाला.

घोड्याविना उपाय होता, तो मोडांचा. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी तो १९१९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिला. कोरड्या कडधान्यात नसलेलं हे जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं. त्यासाठी अख्खं धान्य लागतं, डाळीला मोड येत नाहीत. रात्रभर भिजवायचं, पाणी काढून दमट फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवायचं आणि कच्चं किंवा जेमतेम वाफवून खायचं. उसळीसारखं गळेपर्यंत शिजवलं की बरंचसं निघून जातं.