राग कोणावर निघतो?

प्रश्न : तीन महिन्यांपासून एका मुलाला भेटते आहे. माझ्याशी तो अगदी छान वागतो. पण परवा चुकीची ऑर्डर आली म्हणून वेटरवर असा खेकसला की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, तर आवाज लोण्यासारखा मऊ! नंतर म्हणाला, 'माझा राग पटकन येतो, पटकन जातो.' मी उगाच शंका घेतेय का?

उत्तर : उगाच नाही, नेमकं तुम्ही हेरलंत. साहेबांचा फोन येताच आवाज उतरतो, म्हणजे राग आवरता येतो. उलटून बोलू न शकणाऱ्यासमोर तो आवरला जात नाही, इतकंच. एका प्रसंगावरून निकाल लावू नका. मात्र ड्रायव्हर, हाताखालची माणसं, धाकटी भावंडं यांच्याशी तो कसा बोलतो ते बघत राहा. नातं मुरलं की तुमच्याही वाट्याला तोच सूर येऊ शकतो.

सुरुवातीला सगळेच ठेवणीतलं वागतात. म्हणून बेत फिसकटतो तेव्हा बघा: गाडी चुकली, पार्किंग मिळेना, पोटात कावळे ओरडताहेत. सगळ्यात बोलकी जागा म्हणजे तुमचा नकार. (मुद्दाम परीक्षा घेऊ नका, खऱ्या कारणाने नकार द्यायची वेळ येतेच.) 'आज नको, रविवारी भेटू' म्हटल्यावर थोडा हिरमुसला तर ठीक. फोनवर फोन, 'कोणाबरोबर आहेस?' किंवा दोन दिवस अबोला असेल, तर नोंद घ्या. अबोला हाही रागच, फक्त बिनआवाजाचा.

नोंद खरोखरच करा. काय झालं, कोणावर चिडला, नंतर काय म्हणाला, एवढं तारखेसह फोनमध्ये लिहा. भांडणानंतरचे गोड दिवस आले की आधीचं पुसट होतं आणि 'तेवढं काही नव्हतं' वाटायला लागतं.

शांत वेळी विषय काढा : 'त्या दिवशी तू वेटरवर ओरडलास, मला ओशाळल्यासारखं झालं.' 'हो, चुकलंच माझं' आणि 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' यांत फार अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात त्याने काय केलं ते कुठेच नाही. 'तूच मला चिडायला लावतेस' आणि 'आधीच्या सगळ्या वेड्याच होत्या' हीसुद्धा त्याच जातीची वाक्यं.

वस्तू फेकणं, भिंतीवर मूठ मारणं, दार अडवणं, मनगट आवळणं, रागात गाडी सुसाट नेणं, असं एकदा झालं तरी पुरे. गळ्याला हात लागला तर तो जिवाचा धोका समजा. अशा वेळी एकांतात भेटून समजूत घालत बसू नका. फोनवरच नातं संपवा आणि जवळच्या कोणाला तरी आधी सांगून ठेवा.

प्रश्न : माझी मैत्रीण चिडली की 'अर्ध्या तासाने बोलू' म्हणून उठून जाते. हेही धोक्याचंच का?

उत्तर : अर्ध्या तासाने परत येऊन बोलते ना? मग उलट चांगलं आहे. डोकं तापलं की छातीची धडधड उतरायलाच साधारण 20 मिनिटं लागतात, त्याआधी बोललेलं डोक्यात शिरत नाही. तुम्ही तेवढा वेळ मागे मागे जाऊ नका.