काटोलकडच्या शेतात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर दोन्हींचा त्रास आहे. एकच रायफल घ्यायची तर कोणती?

एकच घ्यायची तर .३१५ बोअरची (नळीचं छिद्र .३१५ इंचाचं) बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका ओढायची रायफल घ्या, दोन्हींना पुरते. रोह्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर जातो आणि मोठ्या डुकराच्या खांद्यावरची कातडी इतकी चिवट असते की .२२ ची ४० ग्रेनची (जेमतेम अडीच ग्रॅमची) गोळी नुसती जखम करते. जखमी डुक्कर तुरीत शिरलं की दुसऱ्या दिवशी निंदायला जाणाऱ्या बायांच्या जिवावर बेततं, म्हणून हलकी रायफल अजिबात नको. .३१५ ची सॉफ्ट नोज (मऊ टोकाची, लागल्यावर पसरणारी) गोळी जड असते, वेग बेताचा. शंभर मीटरच्या आत काम चोख करते, पुढे लवकर खाली येते. रायफल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, काडतुसंही देशी बनावटीची. फक्त डुकरांचा त्रास असेल तर १२ बोअरची दुनळी (दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक) चालेल, पण तीस-चाळीस पावलांपर्यंतच. संत्र्याच्या बागेत आडवी गोळी कधीच झाडू नका. जनावरामागे मातीचा उंच धुरा (बांध) असेल तरच झाडा, कारण चुकलेली गोळी दोन किलोमीटरच्या पुढेही जाते. मात्र शस्त्र परवाना म्हणजे मारायची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, नाहीतर तो सरळ गुन्हा आहे. त्यामुळे रायफलीच्या दुकानाआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन चौकशी करा.