वर्गात गाणं लावलं, पण शिकवायचं काय?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी आठवी-नववीला शिकवतो. यंदा 'संगीत, व्यापार आणि रोजचं जगणं' असा प्रोजेक्ट घ्यायचा ठरलाय, वेगवेगळ्या संस्कृतींतली उदाहरणं घेऊन. मी हौसेने सात-आठ देशांच्या क्लिप्स जमवल्या, वाद्यांचे फोटो काढले, नकाशा टांगला. पहिल्या तासाला पोरं दोन मिनिटं गप्प होती, मग एका क्लिपवर हशा पिकला आणि तास हातातून गेला तो गेलाच. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, पण यात व्यापार कुठाय?" मला उत्तर सुचलं नाही. गाण्यातलं मला काही कळत नाही, ताल-सूर ओळखता येत नाहीत. हा विषय मी घ्यावा का?

उत्तर: सर, घ्याच. आणि त्या मुलीला आधी शाबासकी द्या, सगळ्या प्रोजेक्टचं मर्म तिने एका वाक्यात विचारलंय. ताल-सुरांचं ज्ञान इथे फार लागत नाही, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा असतो, की हा आवाज कोणी निवडलाय आणि ऐकणाऱ्याने काय करावं म्हणून निवडलाय. नकाशा तूर्त गुंडाळून ठेवा. देशवार क्लिप्स एकामागून एक लावल्या की त्याचं प्रदर्शन होतं आणि पोरं परक्या आवाजाला हसतात, त्यात त्यांचा काही दोष नाही, तो आवाज काय काम करतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आधी काम सांगा, मग गाणं लावा, हसू आपोआप थांबतं.

स्कॉटलंडच्या बेटांपासून सुरुवात करा. तिथे मागावरून उतरलेलं लोकरी कापड आटवून घट्ट करायचं काम बायका करायच्या. कापड भिजवायचं, तेही साठवून ठेवलेल्या मुतात (हे वर्गात सांगाच, पोरं जन्मात विसरणार नाहीत), आणि मग लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसून ते ओलं जड कापड फळीवर आपटत आपटत शेजारणीकडे सरकवायचं. एकजण ओळ म्हणणार, बाकीच्या पालुपद धरणार, पालुपदात बरेचदा अर्थ नसलेले नुसते उच्चार, पण ठोका पक्का. ठोका नसेल तर कुणाचं कापड पुढे, कुणाचा हात मागे, सगळा घोळ होईल. मधूनच एखादी बोटाने कापडाची रुंदी मापून बघायची, अजून पुरेसं आटलं नसेल तर अजून एक गाणं. म्हणजे गाणं हेच त्यांचं घड्याळ होतं! एखादी जुनी चादर पाण्यात भिजवून पोरांना बाकांभोवती बसवा, आधी मुकाट्याने आपटायला लावा, मग एकाला आकडे म्हणायला लावा आणि बाकीच्यांना त्यावर आपटू दे. दोन मिनिटांत सगळ्यांचे हात एकदम पडायला लागतात, आणि ते त्यांचं त्यांनाच कळतं तेव्हा चेहरे बघण्यासारखे असतात.

घानाच्या विद्यापीठातल्या पोस्टाचं १९७५ सालचं एक रेकॉर्डिंग आहे, मिळालं तर ते मात्र उलट करा, काही न सांगता लावा आणि विचारा काय चाललंय. पोरं म्हणतील ढोल आहे, बॅण्ड आहे. खरं म्हणजे तिथे पोस्टातली माणसं पत्रांवरच्या तिकिटांना हाताने शिक्के मारतायत, ठोके एकमेकांत गुंतलेत, कात्रीचा आवाज आहे आणि वरून कोणीतरी शिट्टीवर चाल धरलीय.

आता १९४० वर या. महायुद्ध चालू आहे, ब्रिटनमधल्या कारखान्यांना उत्पादन वाढवायचंय, आणि जूनमध्ये बीबीसी खास कामगारांसाठी रोज दोनदा अर्धा-अर्धा तास संगीत सुरू करते. मशीनच्या खडखडाटातही ऐकू जाईल असं वाजवायचं, ठेका सरळ ठेवायचा, मध्येच रेंगाळायचं नाही. एक तुफान लोकप्रिय गाणं तर त्यांनी बाद केलं, कारण त्यात टाळ्यांच्या जागा होत्या आणि टाळ्या वाजवायच्या म्हणजे कामगारांचे हात मशीनवरून सुटणार. म्हणजे गाणं चांगलं की वाईट यापेक्षा हात थांबतो का, हे आधी बघितलं गेलं. हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. तिकडे अमेरिकेत म्युझॅक, म्हणजे कामाच्या जागी लावायचं संगीत विकणारी कंपनी, हे नाव १९३४ पासून होतं, त्यांनी पुढे पंधरा मिनिटांचे गठ्ठेच बांधले, गठ्ठ्यात गाण्यांचा जोर हळूहळू चढत जाणार आणि मग तेवढाच वेळ शांतता, आणि हे सगळं ऑफिसांना, कारखान्यांना विकलं.

त्या मुलीला सांगा की व्यापार इथे शिरला. फळीभोवतीच्या बायकांनी आपलं गाणं आपण निवडलं होतं, कारखान्यात ते दुसऱ्या कोणीतरी निवडलं, कामाचा हिशेब डोक्यात ठेवून. मला यात एक बाजू सरळ वाईट वाटत नाही, कंटाळवाण्या कामात गाण्याचा आधार कामगारांनाही हवाच होता. पण निवड कोणाकडे गेली हे पोरांना दिसलं पाहिजे.

संस्कृतीचा भाग एकाच चालीवरून छान समजावता येतो. तैवानमध्ये कचऱ्याची पिवळी गाडी येते तीच बेथोवनची 'फ्यूर एलिझे' वाजवत, नाहीतर बादार्झेव्स्का या पोलिश बाईंनी १८५६ मध्ये छापलेली पियानोची एक चाल वाजवत, आणि लोक पिशव्या घेऊन खाली उतरतात. तीच चाल दुसऱ्या देशातल्या मुलाला पियानोच्या क्लासची आठवण करून देते. किंवा ब्रिटनमध्ये नवीन वर्षाच्या मध्यरात्री हात धरून म्हणतात ती जुनी स्कॉटिश चाल, जपानमध्ये ती १८८० च्या दशकात शाळेच्या गाण्यांच्या पुस्तकात गेली, निरोप समारंभाची झाली, आणि आता तिथल्या कितीतरी दुकानांत बंद व्हायच्या वेळेला वाजते. 'आता निघा' असं गिऱ्हाइकाला तोंडावर कोणी म्हणत नाही, चाल म्हणते. दुसऱ्या देशातला माणूस मात्र ती ऐकून शांतपणे खरेदी करत राहील. अर्थ सुरात नसतो, सवयीत असतो, हे पोरं इथे स्वतःहून म्हणतात, तुम्ही घाई करून सांगू नका.

प्रश्न: ताई, दुकानात लावलेल्या गाण्याने लोक खरंच जास्त खरेदी करतात का? की नुसत्याच गोष्टी? मला कॉलेजमध्ये यावर बोलायचंय.

उत्तर: गोष्टी नाहीत, पण जपून बोल. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८२ मध्ये एका सुपरमार्केटचा अभ्यास छापला. मिनिटाला ७२ ठोके किंवा त्याहून संथ संगीत असलेल्या दिवसांत विक्री ९४ ठोके किंवा त्याहून जलद संगीताच्या दिवसांपेक्षा ३८.२ टक्के जास्त भरली. कारण साधं आहे, लोक हळू चालले, मांडणीसमोर जास्त रेंगाळले. १९८६ मध्ये त्याने हेच रेस्टॉरंटमध्ये करून बघितलं, संथ संगीतात लोक जास्त वेळ बसले, पण जेवणाचं बिल फारसं बदललं नाही, वाढलं ते बारचं.

दुसरा प्रयोग इंग्लंडमधला, १९९७ चा. सुपरमार्केटमध्ये चार फ्रेंच आणि चार जर्मन वाइन्स शेजारी मांडल्या, किमती सारख्याच, आणि आलटून पालटून एक दिवस फ्रेंच संगीत, एक दिवस जर्मन. फ्रेंच संगीत असताना ४० बाटल्या फ्रेंच गेल्या आणि ८ जर्मन, जर्मन संगीत असताना २२ जर्मन आणि १२ फ्रेंच. नंतर ४४ जणांना विचारलं तर संगीताचा परिणाम झाला असं म्हणणारे फक्त ६. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण 'माझ्यावर नाही बाबा परिणाम होत' असं आपण सगळेच म्हणतो.

आता जपून का म्हटलं, तर बाटल्या बेरजेत ८२ च भरतात, एकच दुकान, दोनच आठवडे, एकच देश. अॅकॉर्डियन (गळ्यात अडकवून वाजवायची भात्याची पेटी) ऐकून फ्रान्स आठवायचा तर ते नातं आधीच डोक्यात बसलेलं लागतं, जिथे ते नाही तिथे तो सूर नुसता सूर. त्यामुळे 'संगीताने विक्री ३८ टक्के वाढते' असं सरसकट स्लाइडवर टाकू नकोस. त्यापेक्षा वर्गातच करून बघ, पत्त्यांचा कॅट पिसून रंगवार लावायला दे, एका गटाला संथ संगीत, दुसऱ्याला जलद, कशासाठी ते आधी सांगू नकोस, आणि स्टॉपवॉच लाव. ठोके मोजायला संगीत यावं लागत नाही, पंधरा सेकंदांत पाय किती वेळा आपटला ते मोज आणि चारने गुण. परिणाम दिसला नाही तर तेही तसंच सांग, ऐकणाऱ्यांचा पटकन विश्वास बसतो.

आणि वेळ उरला तर एवढं घाल, की सूर मालकीचाही होतो. अमेरिकेतल्या एनबीसी या रेडिओ कंपनीने आपले तीन सूर १९५० मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवले. नोकियाची रिंगटोन म्हणून जग जिला ओळखतं ती स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगाच्या १९०२ च्या वॉल्ट्झमधली (नाचाच्या ठेक्यातल्या रचनेतली) चार मापं, म्हणजे तालाची चार आवर्तनं आहेत.

प्रश्न: ताई, माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी संगीत ऐकत नाहीत, धार्मिक कारण आहे. त्याला हा प्रोजेक्ट कसा द्यायचा? वगळला तर त्याला वाईट वाटेल.

उत्तर: वगळू नका, आणि त्याला सगळ्यांसमोर खुलासाही करायला लावू नका. संगीत कशाला म्हणायचं हेच सगळीकडे सारखं नाही, आणि हे कळणं या विषयाचाच भाग आहे. कुराणपठण बाहेरच्याला सुरेल गाणं वाटेल, पण त्या परंपरेत त्याला संगीत म्हणत नाहीत, ते पठणच. नायजेरियातल्या इग्बो भाषेत 'न्क्वा' या एका शब्दात गाणं, वाजवणं आणि नाचणं तिन्ही येतं. आपल्याकडेही 'गीतं वाद्यं तथा नृत्तं त्रयं संगीतमुच्यते' म्हटलंय, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने, तेव्हा तर नाचाशिवाय संगीत पुरं होत नव्हतं. पठण, न्क्वा आणि संगीत हे तीन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

मग त्या मुलाला गाणी नाही, आवाज द्या. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर विद्यार्थ्यांना बाहेर पाठवून फक्त ऐकायला लावायचे, तसं. घरापासून शाळेपर्यंत कानावर पडणारा प्रत्येक आवाज जो कोणाला काहीतरी करायला सांगतो तो वहीत लिहायचा, घंटा, हॉर्न, विकणाऱ्याची आरोळी, लिफ्टचा टिंग, फोनचा मेसेज, आणि समोर तेच दोन रकाने, कोणी लावला आणि कशासाठी. सगळ्या वर्गालाच हा गृहपाठ द्या, म्हणजे त्याचं वेगळं असं काही उरत नाही, आणि पालकांना आधी एक फोन करून काय करणार आहात ते नीट सांगा.