पुराचं बाड संस्थेच्या हाती देण्याआधी

ताई, पंचगंगेच्या पुरावर तुम्ही गावोगाव फिरून हकिगती गोळा केल्यात. 2005, 2019, 2021, तिन्ही पुरांच्या, चारशेच्या आसपास पानं. ते वाचकांपुढं सालवार ठेवावं की गाववार, आधी थोडं थोडं प्रसिद्ध करावं की थेट पुस्तक, आणि ‘आमच्याकडं द्या, आम्ही काढतो’ म्हणणाऱ्या संस्थेला बाड द्यावं का, असं विचारलंय. शेवटचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मांडणी गाववारच करा. सालवार केलं की त्याचा अहवाल होतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आपल्याकडं शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. त्यासाठी कुणी पुस्तक उघडणार नाही. गावं मात्र पाण्याच्या वाटेनं लावा. प्रयाग चिखलीच्या संगमापासून पंचगंगा हे नाव सुरू होतं, तिथून निघा. आंबेवाडी, मग कोल्हापूर शहर, मग खाली शिरोळ आणि शेवटी नृसिंहवाडी, जिथं ती कृष्णेला मिळते. असं लावलं की शिरोळकडं पाणी दिवसचे दिवस का उतरत नाही, कृष्णाच भरलेली असली की पंचगंगेचं पाणी मागं कसं फुगतं, हे वाचणाऱ्याला आपोआप कळत जातं. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळं इकडं पाणी तुंबतं की नाही, हा वाद प्रत्येकाच्या तोंडी असणारच. त्याला वेगळं प्रकरण द्या, हकिगतींत मिसळू नका.

आणि नमुन्यादाखल तुम्ही दिलेला तो उतारा, गोठ्यात पाणी शिरल्यावर आजींनी म्हशींची दावी कापली आणि ‘जावा बायांनो, आता तुमचं तुमी बघा’ म्हणाल्या, तो पहिल्या पानावर घ्या. प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश सगळं त्याच्या मागं.

आता संस्थेबद्दल. माझं काम गुऱ्हाळांवर होतं. गुळव्यांशी, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिरांशी बोलून, चुलवाणापाशी बसून लिहिलेलं. काहिलीतला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला फेस कधी बसतो, रस कधी उतरवायचा हे ती माणसं आवाजावरनं आणि वासावरनं सांगायची, आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं. एका संस्थेनं आपणहून मागितलं. पोच मागितली तर ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणाले. पुढं समिती बसायची होती, मग समितीतले गृहस्थ बदलले, मग ‘भाषा तपासायला दिलंय’. चौकशीला गेलं की टेबलावरचा माणूस दुसऱ्या टेबलाकडं बोट दाखवायचा. शेवटी त्यातला एक भाग त्यांच्या स्मरणिकेत छापून आला. खाली माझं नाव नव्हतं, आणि गुळव्यांचं बोलणं पार पुसलेलं होतं. ‘फेस बसला की वाईच थांबायचं, काहील सोताच सांगती’ याचं ‘फेस कमी झाल्यानंतर काही काळ प्रतीक्षा करावी’ झालं होतं. ज्यानं हे सांगितलं तो गुळव्या तोवर गेला होता. त्याच्या घरच्यांना मी हे कुठल्या तोंडानं दाखवणार होतो? त्याचा राग अजून गेलेला नाही. तुमच्या आजींच्या तोंडचं ‘तुमचं तुमी बघा’ असंच कुणीतरी शुद्ध करून टाकील, ही माझी खरी भीती आहे.

मी वकील नाही, सही करण्याआधी जाणकाराला दाखवाच. पण एवढं पक्कं माहीत करून घेतलंय. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते परत तुमच्याकडं येतात. हक्क दिल्यानंतरही, आपल्या नावाला बाध येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा अधिकार लेखकाकडंच राहतो. ते कलम 57. तेव्हा संस्था कितीही मोठी असो, आधी पत्र घ्या आणि त्यात ‘हकिगतींच्या भाषेत बदल नाही’ हे वाक्य घाला. तोवर एकच प्रकरण द्या, तेही छायाप्रत. मूळ फोटो तर अजिबात हातचे सोडू नका. सगळ्याच संस्था अशा असतात असं माझं म्हणणं नाही, पण चांगल्या संस्थेला पत्र द्यायला अडचण पडत नाही.

नाहीतर स्वतःच काढा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, स्वतः छापणाऱ्या लेखकालाही मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून, पैसे पडत नाहीत. छापल्यावर एक प्रत करवीर नगर वाचन मंदिराला आणि एक शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नक्की द्या. आणखी एक, डीटीपीवाला जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये काम करत असेल तर मजकूर एका फॉन्टातून दुसऱ्यात फिरवताना बंधाऱ्यावर, शेतकऱ्यांनी अशा शब्दांतला र हमखास तुटतो. प्रूफ कागदावर काढूनच वाचा.

भागाभागानं आधी प्रसिद्ध करायला माझी हरकत नाही, उलट चिखलीचं प्रकरण लगेच येऊ द्या. फक्त पंचनामा आणि सानुग्रह अनुदानाबद्दल जी माणसं तुमच्यापाशी मोकळेपणानं बोललीत, त्यांना उद्या त्याच तलाठ्याकडं आणि त्याच ग्रामपंचायतीत जायचंय. तेवढा मजकूर त्यांच्यासमोर वाचून दाखवा, आणि नाव घालायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.