वाचक विचारतात : पाइप ऑर्गनमधला स्वयंभू गंधार

प्रश्न : संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आणि चर्चमधला पाइप ऑर्गन एकाच जातीचे का? (सांगली)

उत्तर : नाही. नाटकातला ऑर्गन हा पेटीचा भाऊ, दोन्हींत पितळी रीड. पेटीचा भाता हवा रीडमधून बाहेर ढकलतो, ऑर्गनचा बहुधा आत ओढतो. पाइप ऑर्गनचं नातं मुख्यतः बासरीशी आहे. त्यात साधारणपणे प्रत्येक स्टॉपच्या (खुंटी ओढून सुरू करायची एका रंगाच्या नळ्यांची रांग) प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी असते.

प्रश्न : स्टॉपच्या नावापुढे ८, ४, २ २/३, १ ३/५ असे आकडे असतात. ते काय सांगतात? कानाने ओळखता येतात का? (पुणे)

उत्तर : ती नळीची लांबी, फुटांत. डावीकडची पहिली 'सी' पट्टी दाबल्यावर वाजणारी उघडी नळी साधारण ८ फूट भरते, कंपनं सेकंदाला सुमारे ६५. लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो. म्हणून त्याच पट्टीवर ४ फुटी स्टॉप वरचा षड्ज देतो आणि १६ फुटी खालचा. (वरचं टोक बंद असलेली नळी निम्म्या लांबीत तोच स्वर देते, त्यामुळे '८' लिहिलेली नळी प्रत्यक्षात ४ फुटांची असू शकते.)

खरी गंमत अपूर्णांकांत आहे. पट्टीला षड्ज माना. २ २/३ चा स्टॉप वरच्या सप्तकातला पंचम बोलतो, १ ३/५ चा त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. जवारी नीट लागली की तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप, गंधार उमटतो, तोच इथे नळ्यांची वेगळी रांग लावून बांधलेला आहे. ८, ४, २ २/३, २ आणि १ ३/५ एकत्र ओढले की 'कॉर्नेट' हा रंग तयार होतो. पाच नळ्या वाजतात, पण कानाला एकच भरदार, किंचित नाकातला स्वर लागतो. पाया ८ फुटीचाच हवा. तो दुबळा असला की पंचम-गंधार सुटे पडतात. शिवाय हा गंधार शुद्ध प्रमाणात लावतात, म्हणजे पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). कॉर्डमध्ये, म्हणजे अनेक पट्ट्या एकत्र दाबल्यावर, पट्टीचा गंधार आणि हा गंधार एकमेकांना घासतात, म्हणून कॉर्नेट एकेरी सुरावटीतच खुलतो.

ऑर्गनचं रेकॉर्डिंग ऐकताना हेडफोन लावा. १६ फुटीचा तळचा स्वर ३३ कंपनांचा, तो मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात ऑर्गन बेसूर का होतो? (मुंबई)

उत्तर : हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो. साध्या, बासरीसारख्या नळ्या दर अंशाला सुमारे ३ सेंट चढतात, १० अंशांना ३०. सगळ्या एकत्र चढल्या असत्या तर फारसं बिघडलं नसतं. पण पितळी जीभ असलेल्या नळ्या जवळपास जागेवरच राहतात, आणि तिथे फाटतं. अशा वेळी शेकडो साध्या नळ्यांना हात लावू नये. जिभेवरची तार किंचित खाली ठोकून तेवढाच स्वर चढवून घ्यावा. नळी हातात धरून सूर तपासू नये, कारण हाताच्या उबेने ती चढी बोलते आणि निवली की पुन्हा उतरते.