अनेक ओपन सोर्स प्रकल्पांचा कोड आणि डॉक्युमेंटेशन एकत्र कुठे शोधता येतं?

तुम्ही विचारलंय की नोकरीत नवीन आहात, रोज चार-पाच ओपन सोर्स लायब्रऱ्यांशी गाठ पडते, गूगलवर शोधलं की तेच ते लेख पुढे येतात. तर सगळ्या प्रकल्पांचा कोड आणि डॉक्युमेंटेशन शोधता येईल अशी एखादी साईट आहे का?

एकच अशी नाही. तीन-चार आहेत आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळा आहे. पण त्याआधी शोधायला काय टाकायचं ते ठरवा, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. 'डिक्शनरीवर लूप चालवताना एरर का येतो' हे माणसाला विचारायला ठीक आहे. कोड शोधताना मात्र कोडमध्ये जे अक्षरशः लिहिलेलं असेल तेच टाकायचं.

हाच एरर घ्या. पायथॉन म्हणतो, 'डिक्शनरी चेंज्ड साईझ ड्युरिंग इटरेशन'. हे इंग्रजी वाक्य जसंच्या तसं दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गिटहबवर सीपायथॉनच्या, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या मूळ पायथॉनच्या, रेपोत (कोडच्या साठ्यात) शोधा. ऑब्जेक्ट्स फोल्डरमधली डिक्टऑब्जेक्ट ही सी भाषेतली फाईल समोर येईल. वाक्य तिथे अनेकदा दिसेल, कारण कीज, व्हॅल्यूज आणि आयटम्स यांची फंक्शन्स वेगवेगळी आहेत. त्यातलं कुठलंही एक उघडा आणि वरची अट वाचा. लूप सुरू होताना डिक्शनरीत किती नोंदी होत्या तो आकडा इटरेटरने, म्हणजे लूपला एकेक नोंद पुरवणाऱ्या भागाने, जपून ठेवलेला असतो आणि दर फेरीला तो आत्ताच्या आकड्याशी ताडून बघितला जातो. जुळला नाही की एरर. लगेच खाली तोच आकडा उणे एक केलेला आहे, आणि शेजारची कॉमेंट सांगते की ही अवस्था कायम राहावी म्हणून. म्हणजे एरर पकडून तोच इटरेटर पुढे रेटायचा प्रयत्न केला तरी पुन्हा एररच मिळणार. आणि असलेल्याच कीची व्हॅल्यू बदलली तर काही होत नाही, कारण नोंदींची संख्या तीच राहते. पाच मिनिटांत हे सगळं थेट मुळातून कळतं. म्हणून मी नव्या माणसाला नेहमी एरर मेसेजपासूनच सुरुवात करायला सांगतो.

मेसेजमध्ये फाईलचं नाव, आकडा, पाथ असं काही असेल तर ते वगळा. कोडमध्ये त्या जागी टक्का-एस किंवा कंस अशी नुसती जागा राखणारी खूण असते, त्यामुळे अख्खं वाक्य कधीच जुळणार नाही. न बदलणारा तुकडा तेवढा घ्या. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एका ओळीत किती अक्षरं असावीत याला मर्यादा आहे, पण वापरणाऱ्याला दिसणारा मेसेज त्यासाठी तोडू नका, तोडला तर ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) सापडणार नाही, असं त्यांच्या कोडिंग स्टाईलमध्ये स्पष्ट लिहिलंय. सगळे प्रकल्प इतकी काळजी घेत नाहीत. काहीच सापडलं नाही तर दोन-तीन शब्दांचा छोटा तुकडा टाकून बघा.

डेस्कटॉप मराठीत वापरत असाल तर मराठी मेसेज कोडमध्ये मिळणार नाही. तो त्या प्रकल्पाच्या मराठी पीओ फाईलमध्ये, म्हणजे भाषांतरांच्या फाईलमध्ये, असतो आणि त्याच्या वरच्याच ओळीत मूळ इंग्रजी मेसेज असतो. ते इंग्रजी वाक्य घेऊन मग कोडमध्ये शोधा.

आता साईट्स. गिटहबचा कोड सर्च २०२३ मध्ये नव्याने सगळ्यांसाठी खुला झाला. रेपो, पाथ, भाषा, सिम्बॉल (फंक्शन किंवा क्लासचं नाव) असे फिल्टर लावता येतात, तिरप्या रेघांमध्ये रेगेक्सही, म्हणजे मजकुराचा साचाही, देता येतो. लॉगिन लागतं, आणि शोध फक्त मुख्य ब्रँचमध्ये होतो, हे विसरू नका.

माझी खरी आवडती साईट मात्र डेबियन कोड सर्च. गूगलने २००६ मध्ये कोड सर्च काढलं आणि २०१२ च्या जानेवारीत बंद केलं. ते आतून कसं चालायचं हे ते बनवणाऱ्या रस कॉक्स यांनी त्याच महिन्यात लिहून ठेवलं: प्रत्येक फाईलमधल्या लागोपाठच्या तीन-तीन अक्षरांची सूची करायची, रेगेक्समधून तसेच तुकडे काढायचे, ते ज्या फाईल्समध्ये आहेत तेवढ्याच खऱ्या अर्थाने तपासायच्या. ही कल्पना घेऊन डेबियन या लिनक्स प्रणालीमधल्या सगळ्या पॅकेजेसच्या सोर्स कोडसाठी डेबियन कोड सर्च उभं राहिलं. 'हे फंक्शन बाकीचे लोक कसं वापरतात?' या प्रश्नाला मला इथेच सर्वात चांगली उत्तरं मिळतात. इथला कोड कुणीतरी पॅकेज करून सांभाळलेला असतो, गिटहबसारखा अर्धवट सोडलेल्या सराव प्रकल्पांचा गाळ मध्ये येत नाही. एखादं पॅकेज नको असेल तर ते वगळताही येतं.

एकाच मोठ्या प्रकल्पात खोल शिरायचं असेल तर त्याचा स्वतःचा सर्च वापरा. फायरफॉक्ससाठी सर्चफॉक्स, कर्नलसाठी बूटलिनचं एलिक्झिर. अँड्रॉइड आणि क्रोमियमचेही वेगळे आहेत. नावावर क्लिक केलं की व्याख्या कुठे आणि वापर कुठे कुठे, दोन्ही दिसतं.

डॉक्युमेंटेशनसाठी डेव्हडॉक्स बघा. शेकडो लायब्रऱ्यांचं अधिकृत डॉक्युमेंटेशन एका खिडकीत मिळतं, उतरवून ठेवलं तर इंटरनेटशिवायही चालतं. तिथे आधी व्हर्जन निवडा. ऑफिसात जुनी लायब्ररी आणि समोर नव्या लायब्ररीची पानं, यात लोकांचा अख्खा दिवस जातो. डॉक्युमेंटेशन आणि कोड यांत विसंगती दिसली तर रेपोत तुमच्या व्हर्जनचा टॅग (त्या व्हर्जनची खूण) उघडून तिथला कोड वाचा आणि त्यावर विसंबा.

'हे असं का केलं?' याचं उत्तर मात्र यातल्या कुठल्याच सर्चमध्ये मिळत नाही, ते गिटच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात असतं. रेपो स्वतःच्या मशीनवर क्लोन करा, म्हणजे त्याची प्रत उतरवा, आणि गिट लॉगला वजा मोठा एस हा पर्याय देऊन तुमचा तुकडा द्या. ज्या कमिट्समध्ये (नोंदवलेल्या बदलांमध्ये) तो तुकडा आला किंवा गेला तेवढ्याच दिसतील. कमिट मेसेजमध्ये बऱ्याचदा इश्यूचा (नोंदवलेल्या तक्रारीचा) नंबर असतो. तो उघडला की कुणाला काय अडचण आली आणि कोणते पर्याय नाकारले गेले, ती सगळी चर्चा वाचायला मिळते. यासाठी क्लोन पूर्ण हवा. वेळ वाचवायला क्लोन करताना डेप्थ एक (फक्त शेवटची कमिट) दिली असेल तर इतिहास आलेलाच नसतो. अशा वेळी गिट फेचला अनशॅलो हा पर्याय द्या, उरलेला इतिहास उतरतो.