भाकरी बंद केल्यावर थांबलेले वजन

प्रश्न : मी सांगलीत व्यायाम प्रशिक्षक आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंनी ज्वारीची भाकरी पूर्ण सोडली. पहिल्या आठवड्यात ३ किलो वजन उतरले आणि मग थांबले. काय सांगावे?

उत्तर : भाकरी पुन्हा सुरू करायला सांगा. सुरुवातीला उतरते ते बहुतांशी पाणी, कारण शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या (पिष्टमय पदार्थांपासून बनलेल्या साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते आणि पिष्टमय पदार्थ बंद होताच दोन्ही घटतात. खरी चौकशी फोडणीची करा : १ ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, आणि आपल्याकडे त्यावर दाण्याचे कूटही सढळ हाताने पडते. मटकीची उसळ वाढवावी. आठवड्याला अर्धा किलो घट पुरेशी आहे. त्या मधुमेहाची औषधे घेत असतील, तर मात्र आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे अत्यावश्यक आहे.